गाडीचा रंग बदलायचाय? खर्च किती, आरटीओची परवानगी कशी आणि फसगत कुठे होते, सविस्तर माहिती

देवळा : कांद्याचे दोन पैसे हातात आले की जुनी चारचाकी घ्यायची, नाहीतर दारातली गाडी नव्यासारखी करून घ्यायची, हे तालुक्यात नवं नाही. सेकंडहँड गाडी स्वस्तात मिळते, इंजिनही चांगलं असतं, पण रंग काही मनाला पटत नाही. कुणाला लाल गाडी पांढरी करायची असते, तर कुणाला चंदेरी गाडी काळी. गॅरेजवाला म्हणतो, "होऊन जाईल." पण किती पैशात होईल, किती दिवस टिकेल आणि कागदावर काय करावं लागेल, हे आधी विचारलं जात नाही. नंतर गाडी नाक्यावर अडते किंवा विम्याचा क्लेम अडकतो.

तोच रंग पुन्हा मारणं आणि रंग बदलणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे आणि कायदाही दोन्हींकडे वेगळ्या नजरेनं पाहतो.

रंग बदलायला जास्त पैसे का लागतात?

पांढऱ्या गाडीला पुन्हा पांढरा रंग द्यायचा असेल तर बाहेरचा पत्रा घासून, पुट्टी आणि प्रायमर लावून रंग मारला की काम झालं. दाराच्या आतली कड, डिकीचा आतला भाग आणि बॉनेटखालचा पत्रा तसाच ठेवला तरी चालतो, कारण तिथला रंग मुळात तोच असतो.

लाल गाडी पांढरी करायची म्हटलं की हे सगळं उघडावं लागतं. दार उघडल्यावर आत लाल पट्टा दिसला तर गाडी रंगवलेली आहे हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून दारं, डिकी, बॉनेट, हँडल, आरसे, दिवे, बंपर, काचेची रबरं आणि बीडिंग काढावी लागतात. मजुरी वाढते ती इथं. बॉनेटखालचा भाग नीट रंगवायचा तर तिथलं वायरिंग, पाइप आणि इतर सामानही हलवावं लागतं. त्यामुळे बरेच जण तेवढा भाग जुन्याच रंगात ठेवतात.

रंगाचाही फरक पडतो. गडद पत्र्यावर पांढरा झाकायला जास्त हात लागतात. लाल-पिवळे रंग महाग असतात आणि पातळ बसतात. साध्या म्हणजे सॉलिड रंगापेक्षा मेटॅलिक महाग आणि मोतिया चमकीचा म्हणजे पर्ल त्याहून महाग पडतो.

साधारण खर्च किती?

खालचे आकडे पीयू रंग आणि वरून क्लिअर कोट धरून, खासगी गॅरेजमधल्या कामाचा साधारण अंदाज म्हणून पाहावेत. गाव, गॅरेज आणि पत्र्याची हालत यानुसार ते वरखाली होतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये खर्च याहून जास्त येतो.

• लहान गाडी (अल्टो, वॅगनआर यांसारखी) : तोच रंग २५ ते ४० हजार, रंग बदलून ४० ते ६५ हजार रुपये.

• मध्यम गाडी (डिझायर, ब्रेझा यांसारखी) : तोच रंग ३५ ते ५० हजार, रंग बदलून ५५ ते ८५ हजार रुपये.

• मोठी गाडी (बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा) : तोच रंग ४५ ते ७० हजार, रंग बदलून ७० हजार ते सव्वा लाख रुपये.

• एकच दार, बंपर किंवा फेंडर : प्रत्येकी साधारण २ ते साडेतीन हजार रुपये.

यात पत्रा काम धरलेलं नाही. गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा असेल, दार बदलायचं असेल तर त्याचा हिशोब वेगळा. रबरं आणि क्लिपाही काढताना तुटतात, त्यांचे पैसे बाजूला ठेवावेत. पक्कं बिल घेतलं तर दुरुस्तीच्या कामावर १८ टक्के जीएसटी लागतो.

हिशोब शेतकऱ्याच्या भाषेत मांडला तर असा होतो. समजा कांद्याला क्विंटलमागे दीड हजार भाव मिळाला, तर ६० हजारांच्या रंगकामासाठी ४० क्विंटल कांदा विकावा लागेल. उमराण्याच्या बाजारात अडीच-तीन पिकअप भरून न्यावा एवढा हा माल आहे. एवढा पैसा घालून गाडीची किंमत तेवढी वाढते का? बहुतेक वेळा नाही. उलट कंपनीच्या रंगावर दुसरा रंग दिसला की "ठोकलेली असणार" असं म्हणत गिऱ्हाईक भाव पाडतं. दोन लाखांच्या गाडीवर ६० हजारांचा रंग ही हौस आहे. त्याला गुंतवणूक समजू नये.

स्वस्तातलं काम कुठे फसतं?

"पंधरा हजारात पूर्ण गाडी" असं कुणी म्हटलं तर तो कुठला रंग वापरणार ते आधी विचारावं. जुन्या पद्धतीचा एनसी रंग थिनरमध्ये कालवून मारला की लगेच सुकतो आणि पॉलिश केल्यावर चमकतोही. पण उन्हात तो लवकर फिका पडतो, पेट्रोल सांडलं तरी डाग पडतो. पीयू रंगात हार्डनर मिसळावा लागतो. तो कडक होतो आणि जास्त काळ टिकतो.

दुसरी फसवणूक घासण्यात होते. रंगकामातली खरी मेहनत रंग मारण्याआधीची असते. जुना थर पॉलिश पेपरने घासणं, गंज उघडा करणं, पुट्टी लावून पुन्हा घासणं, मग प्रायमर, पुन्हा बारीक पेपर, हे सगळं झाल्यावरच स्प्रे गन हातात घ्यायची. हे उरकून टाकलं तर रंग महिनाभर सुंदर दिसतो आणि पहिल्या पावसाळ्यात फुगे येऊन सुटायला लागतो. गंजावर नुसती पुट्टी थापली तर आतला गंज वाढतच राहतो.

कंपनीतून आलेल्या रंगाचा सगळा थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. थर मोजायचं छोटं यंत्र मिळतं. सेकंडहँड गाडी घेताना ते पत्र्याला लावलं आणि आकडा ३००-४००च्या पुढे गेला, तर त्या जागी पुट्टी भरलेली असण्याची शक्यता जास्त.

धूळ, पाऊस आणि भट्टी

उघड्यावर रंग मारला की धुळीचे कण ओल्या थरात बसतात. उन्हाळ कांदा काढणीच्या दिवसांत, मार्च ते मे, वाऱ्याबरोबर शेतातली आणि रस्त्यावरची माती उडत असते. पावसाळ्यात हवेत ओल असते, तेव्हा क्लिअर कोटवर पांढुरकी झाक येऊ शकते. त्यामुळे बंद शेडचं गॅरेज नसेल तर दिवाळीनंतरचे कोरडे दिवस बरे. मात्र पहाटेच्या दवात ताजा रंग उघडा ठेवू नये.

मोठ्या गॅरेजमध्ये बंद खोली म्हणजे पेंट बूथ असतो. तिथं हवा गाळून घेतात आणि रंग मारल्यावर साधारण ६० अंश सेल्सिअसला अर्धा तास गाडी भाजतात. अशा सोयीसाठी तालुक्यातल्या लोकांना मालेगाव किंवा नाशिक गाठावं लागतं. खर्च वाढतो, पण फिनिशिंगमधला फरक डोळ्याला दिसतो.

पूर्ण रंगबदलाला साधारण ८ ते १५ दिवस धरावेत. लग्न चार दिवसांवर आलंय म्हणून घाई केली की थर नीट न सुकताच पुढचा हात मारला जातो.

एक गोष्ट कारागिरासाठी. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याची वाफ आणि फवारा छातीत गेला तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही, त्यासाठी योग्य फिल्टरचा मास्क लागतो. काम चालू असताना लहान मुलांना गॅरेजमध्ये नेऊ नये.

कागदावर काय करावं लागतं?

गाडीच्या आरसीवर रंगाची नोंद असते. आरसीवर लाल आणि रस्त्यावर पांढरी, असं झालं की गाडी संशयात येते. चोरीची गाडी लपवायची तर चोर आधी तिचा रंगच बदलतो, हे पोलिसांना चांगलं माहीत असतं.

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार आरसीवरचा तपशील आणि गाडी यात फरक पडेल असा बदल करता येत नाही. म्हणून रंग बदलण्याआधी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी. परवानगी घेऊन बदल केल्यावर तो १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर नोंदवून घ्यायचा असतो. नियमाबाहेर बदल केल्यास कलम १८२अ(४)मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

देवळा तालुक्यातल्या गाड्यांना एमएच-४१ हा क्रमांक मिळतो, म्हणजे काम मालेगावच्या परिवहन कार्यालयाचं. नाशिकहून आणलेल्या एमएच-१५ गाडीचं नाव आणि पत्ता अजून बदललेला नसेल, तर आधी ते काम उरकावं. ढोबळ क्रम असा :

१. परिवहन पोर्टलवर गाडीचा क्रमांक आणि चासी नंबरचे शेवटचे अंक टाकून वाहनातील बदलाचा म्हणजे अल्टरेशनचा अर्ज भरायचा. आरसीला मोबाईल नंबर जोडलेला असावा, कारण ओटीपी त्यावर येतो.

२. आरसी, चालू विमा, पीयूसी आणि ओळखपत्र जोडायचं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची किंवा फायनान्स कंपनीची लेखी संमती लागते.

३. फी ऑनलाइन भरता येते. रंगाच्या खर्चापुढे ती किरकोळ असते आणि नेमकी रक्कम अर्ज भरताना पडद्यावर दिसते.

४. परवानगी मिळाल्यावर रंग मारायचा, गॅरेजचं बिल जपून ठेवायचं, गाडी तपासणीला न्यायची आणि नव्या रंगाची नोंद झालेली आरसी घ्यायची.

५. नंतर विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीतही नोंद करून घ्यायची.

तोच रंग पुन्हा मारला तर यातलं काहीच लागत नाही.

हे रंग चालत नाहीत

लष्कराच्या गाड्यांचा ऑलिव्ह ग्रीन म्हणजे लष्करी हिरवा रंग खासगी गाडीला देता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९च्या नियम १२१मध्ये तशी मनाई आहे. जुन्या जीपला "मिलिटरी लूक" द्यायची हौस इथं नडते. शाळेच्या बसचा पिवळा, मुंबईच्या टॅक्सीचा काळा-पिवळा हे रंग त्या त्या वाहनाची ओळख आहेत. मुंबईत प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांनी ती रस्त्यावरून गेली, तरी काळी-पिवळी म्हटलं की आजही टॅक्सीच डोळ्यांसमोर येते. तेव्हा आपली गाडी दुसऱ्याच कामाची वाटेल असा रंग निवडू नये.

विमा रंगाचे पैसे देतो का?

हौसेनं बदललेल्या रंगाचे पैसे विमा देत नाही. अपघातात पत्रा चेपला तर तेवढ्या भागाच्या रंगाचे पैसे मिळतात, तेही कपात करून. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा धरतात. बिलात साहित्य आणि मजुरी वेगळी दाखवली नसेल तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के रक्कम साहित्याची धरली जाते. म्हणजे २० हजारांच्या रंगकामात साहित्य ५ हजारांचं आणि कपात अडीच हजारांची. झिरो डेप असेल तर ही कपात होत नाही. पण आरसीवर एक रंग आणि सर्व्हेअरसमोर दुसरा, असं निघालं तर प्रश्न सुरू होतात आणि क्लेम लांबतो.

रॅप चालेल का?

रंगाऐवजी पूर्ण गाडीला विनाइलचा कागद चिकटवायचा, त्याला रॅप म्हणतात. चांगल्या प्रतीच्या रॅपला साधारण ४० हजारांपासून लाखाच्या पुढे खर्च येतो आणि तो तीन ते पाच वर्षं टिकतो. मूळ रंग खाली जपला जातो, हा फायदा. पण गाडी कायम उन्हात आणि मातीच्या रस्त्यावर असेल तर कडा लवकर सुटतात. गाडीचा दिसणारा रंग बदलतो म्हणून इथंही आरसीवर नोंद लागतेच.

गॅरेजला गाडी देण्याआधी

• कोणत्या कंपनीचा रंग, पीयू की एनसी, आतली बाजू धरून की नाही, किती दिवस आणि किती पैसे, हे कागदावर लिहून घ्यावं. सगळे पैसे आधी देऊ नयेत.

• नवा रंग दुसऱ्या एखाद्या गाडीच्या कंपनी कोडचाच निवडावा. उद्या एक दार घासलं तर तोच कोड सांगून रंग मिळवता येतो.

• चासी नंबरवर पॉलिश पेपर किंवा पुट्टी लागू देऊ नये. तो नंबर पुसट झाला तर पासिंगला आणि गाडी विकताना मोठी अडचण होते. आधी आणि नंतर त्याचा फोटो काढावा.

• हाय सिक्युरिटी नंबर प्लेट काढली की तिचं लॉक तुटतं आणि ते पुन्हा बसत नाही. शक्यतो प्लेट टेपने झाकूनच रंग मारायला सांगावं.

• रंग झाल्यावर गाडी भर उन्हात पाहावी. सावलीत झाकलेले डाग, लाटा आणि शेडमधला फरक उन्हात दिसतो.

• पहिला महिनाभर पॉलिश करू नये आणि जोराच्या पाण्याने धुऊ नये.

रंग नुसता फिका पडला असेल तर आधी रबिंग-पॉलिश करून पाहावं. दोन-तीन पार्टच खराब असतील तर तेवढेच रंगवावेत. सात-आठ हजारांत गाडी उजळते, आरटीओत जावं लागत नाही आणि उरलेल्या पैशात टायर-बॅटरी नवी होते. एवढं करूनही रंग बदलायचाच असेल तर आधी परवानगी आणि मग स्प्रे गन, हा क्रम चुकवू नये.