धुराचं देणं

आजीच्या हिशोबात आजोबा गोदीच्या स्फोटात गेले. खरं तर ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, माझगावच्या चाळीत, दमा अनावर होऊन गेले. ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगताना आजी कधी अडखळली नाही. आता ती गोष्ट आत्या सांगते. नव्वदीला टेकलेली आत्या नवी मुंबईत, सीवूड्सला लेकाकडे असते. पाम बीच रस्त्यापलीकडे खाडीकाठचं वाळलं गवत पेटून धूर यायला लागला, की ती आधी खिडक्या लावून घेते आणि मग बोलू लागते.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज लागलं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गासड्या, तेलाची पिंपं, सोन्याच्या विटा. दुपारी आग लक्षात आली. अग्निशमन दलाचे जवान पाण्याचा मारा करत असतानाच ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि साधारण अर्ध्या तासाने दुसरा. दलाचे ६६ जण त्यात गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्या स्मरणार्थ. आत्या तेव्हा शाळकरी पोर. “वरनं जळते बोळे पडत होते गं,” ती म्हणते, “आई आम्हाला जिन्याखाली घेऊन बसली होती.”

आजोबा गिरणीत कार्डिंग खात्यात होते आणि युद्धामुळे निघालेल्या एआरपीत, म्हणजे हवाई हल्ला बचाव पथकात, स्वयंसेवक. पगार नाही, दंडावर पट्टी, गळ्यात शिटी. त्या संध्याकाळी ते गेले ते तिसऱ्या दिवशी परतले. तोंडाला बांधायला ओला पंचा, एवढंच संरक्षण. “थुंकी काळी पडत होती,” हे आजीचं वाक्य आत्या आजीच्याच आवाजात म्हणते. आग विझली तरी ढिगारे धुमसत होते, आणि गिरणीची पाळी संपली की आजोबा पुन्हा तिकडेच जायचे.

पुढे खोकला लागला. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या खात्यात काम करता? विडी किती ओढता? दोन्ही प्रश्न रास्त होते. कापसाची तूस आणि विडी, दोन्ही छातीत गेलेली होतीच. गोदीचा धूर मात्र कुणी विचारला नाही, म्हणून तो कुठल्या कागदावर आलाही नाही. आजोबा गेल्यावर आजी एआरपीची पट्टी पिशवीत घालून एका कचेरीत गेली. तिथल्या माणसाने मृत्यूची तारीख पाहिली आणि कागद परत दिला.

मी कायदा वाचायला घेतला तो या परत आलेल्या कागदापायी. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा अग्निशमन दलाच्या नोकरांना लागू होता. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी होती. यादीतला रोग त्या त्या कामात जडला, तर तो कामामुळेच झाला असं धरून चालत. तसं नाही हे मालकाने दाखवायचं. यादीबाहेरचा रोग असेल, तर तो कामावरच्या एखाद्या ठरावीक अपघातातल्या इजेमुळेच झाला, हे घरच्यांनी सिद्ध करायचं. कापसाच्या तुसाने होणारा फुप्फुसांचा रोग, बिसिनोसिस, पुढे या यादीत आला. म्हणजे गिरणीने दिलेल्या रोगाला कायद्यात नाव मिळालं. आगीच्या धुराने वर्षानुवर्षं साचत गेलेल्या रोगासाठी तसं स्वतंत्र कलम नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही साचा तोच आहे. आणि स्वयंसेवकाला तर पगारच नाही. मग पगारावर बेतलेली भरपाई मोजायची कशावर?

मृत्यूची तारीख मात्र दर वेळी आड येत नाही. ९ मे २०१५ ला मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली. अग्निशमन दलाचे संजय राणे आणि महेंद्र देसाई इमारत कोसळली तेव्हाच गेले. सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर भाजलेल्या अवस्थेत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये झुंजत होते. अमीन १४ मेला गेले, नेसरीकर २४ मेला. पंधरा दिवसांचं अंतर असूनही नेसरीकर आगीतच गेले याबद्दल कुणाच्या मनात शंका आली नाही. येऊही नये. पंधरा दिवसांचं अंतर आपल्याला सहज ओलांडता येतं. पंधरा वर्षांचं अंतर ओलांडायची वेळ आली की आपण विधवेकडे पुरावा मागतो.

शास्त्राने तो पुरावा आता पुष्कळसा दिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचं कामच माणसाला कर्करोगकारक ठरवलं. मूत्राशयाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा, या दोन्हींसाठी पुरावा पुरेसा मानला. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताने त्याआधीच, २००२ मध्ये, जवानांचे काही कर्करोग कामामुळेच झाले असं गृहीत धरणारा कायदा केला. अमेरिकेत १९७६ पासून कर्तव्यावर असताना मरण आलेल्या जवानांच्या कुटुंबांना केंद्र सरकार मदत देतं आणि त्यात बिनपगारी जवानही येतात. २००३ च्या दुरुस्तीनंतर कामावर किंवा नंतरच्या २४ तासांत आलेला हृदयविकाराचा झटकाही त्यात धरला जाऊ लागला. तिथल्याही कुटुंबांना भांडावं लागलं, पण जवानाला पगार होता की नव्हता, यावर त्यांचा अर्ज अडला नाही.

आपल्याकडे नागरी संरक्षणाचा १९६८ चा कायदा आहे, होमगार्ड आहेत, आणि कुठल्याच कायद्यात न बसणारी करावे-दारावेची पोरं आहेत. खाडीकाठी गवत पेटलं की बंब पोचेपर्यंत तीच ओल्या फांद्यांनी आग झोडपतात. त्यांच्या नाकावर काही नसतं. तिकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रसायन कारखान्यांच्या आगीत काय काय जळतं, हे जवानांनाही आत शिरताना पुरतं ठाऊक नसतं.

आत्याच्या नातवाने नागरी संरक्षणाचं प्रशिक्षण घेतलं, तेव्हा तिने त्याला वही आणून दिली. तारीख, जागा, काय जळत होतं, किती तास, तोंडावर मुखवटा होता की नाही, हे सगळं तो त्यात लिहितो आणि पथकप्रमुखाची सही घेतो. घरच्यांनी ठेवलेली ही वही कचेरीत किती चालेल, सांगता येत नाही. अशी नोंद महापालिकेच्या दलाने प्रत्येक मदतनीसाच्या नावाने ठेवली पाहिजे, दर वर्षी त्याची छाती तपासली पाहिजे, आणि धुराचे रोग अनुसूचीत घालून स्वयंसेवकांसाठी भरपाईची किमान रक्कम ठरवली पाहिजे.