दुग्धकिण्वक जंतूंवरील गॅमा किरणांचे परिणाम

दुधाचे दही, योगर्ट, चीज इ. पदार्थांत रूपांतर करणाऱ्या लॅक्टिक अम्लजनक जंतूंवर गॅमा किरण (अणुकेंद्रातून बाहेर पडणारे अतिशय ऊर्जावान विद्युत् चुंबकीय तरंग) पडल्यास त्यांची वाढ, अम्लनिर्मिती व आनुवंशिक गुण यांत बदल होतात किंवा ते मरतात. दुग्धपदार्थ टिकविण्यासाठी या किरणांचा कितपत उपयोग होईल, हे या परिणामांवरून ठरते. उष्ण प्रदेशांत या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आहे. यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते व उघड्यावरील दही लवकर आंबते. दुग्धव्यवसायाचे शिक्षण देणारे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालय याच जिल्ह्यात पुसदजवळील वरुड येथे आहे.

इतिहास : लॅक्टिक किण्वन (आंबण्याची क्रिया) सूक्ष्मजीवांमुळे घडते, हे लूई पाश्चर यांनी १८५७ मध्ये दाखविले. जोसेफ लिस्टर यांनी १८७८ मध्ये आंबलेल्या दुधातील जंतूचे शुद्ध संवर्धन केल्याचे प्रसिद्ध केले. हा जंतू पुढे स्ट्रेप्टोकॉकस लॅक्टिस या नावाने ओळखला जाई. १९८५ पासून त्याचा अंतर्भाव लॅक्टोकॉकस या प्रजातीत होतो. रेडियमापासून निघणाऱ्या गॅमा किरणांचा शोध पॉल व्हिलार्ड यांनी १९०० मध्ये लावला. क्ष-किरणांमुळे उत्परिवर्तने (आनुवंशिक द्रव्यातील आकस्मिक बदल) घडून येतात, हे एच्. जे. मलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीवरील प्रयोगांनी सिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धानंतर अणुभट्ट्यांत कोबाल्ट (६०) हा किरणोत्सर्गी समस्थानिक मोठ्या प्रमाणात तयार होऊ लागला, तेव्हा खाद्यपदार्थांवरील प्रयोगांना चालना मिळाली.

क्रिया : किरणांचा आघात मुख्यतः कोशिकेतील डीएनए या आनुवंशिक द्रव्यावर होतो. काही आघात प्रत्यक्ष असतात, तर काही पाण्याच्या विघटनाने निर्माण होणाऱ्या विक्रियाशील मूलकांमार्फत घडतात. पदार्थ गोठविल्यास मूलकांची हालचाल मंदावते व जंतू मारण्यास अधिक मात्रा लागते. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम यासारखे काही जंतू कोशिकेत मँगॅनीज साठवितात व त्यामुळे ऑक्सिजनजन्य मूलकांपासून त्यांचे रक्षण होते. प्रारणास अत्यंत रोधक असलेला डायनोकॉकस रेडिओड्युरान्स हा जंतू १९५६ मध्ये अमेरिकेत प्रारणित मांसाच्या डब्यात सापडला. त्याच्या रोधकतेचा संबंध मँगॅनिजाशी असल्याचे २००४ मध्ये दाखविण्यात आले.

मात्रा : शोषित ऊर्जा ग्रे या एककात मोजतात. १ किग्रॅ. पदार्थाने १ जूल ऊर्जा शोषल्यास मात्रा १ ग्रे होते. १,००० ग्रे म्हणजे १ किलोग्रे होय. जिवंत जंतूंची संख्या एक दशांशावर आणणारी मात्रा प्रत्येक जंतूची वेगळी असते. ती ०.५ किलोग्रे मानल्यास १ ग्रॅम दह्यातील १० कोटी जंतूंपैकी १ किलोग्रे मात्रेनंतर केवळ १० लाख उरतील. योगर्टात टिकवणकाळाच्या अखेरीसही दर ग्रॅमला किमान १ कोटी किण्वक जंतू असावेत, असे आंतरराष्ट्रीय खाद्यसंहितेचे (कोडेक्स) २००३ चे मानक सांगते. म्हणजेच दही टिकाऊ करण्यास दिलेली मात्रा दह्याचे जिवंतपण हिरावून घेते. बीजाणुरूपातील बॅसिलस जंतूंसारखे काही अपायकारक जंतू मात्र या मात्रेतून वाचतात. शिवाय दुधातील स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीभवन होऊन अल्प मात्रेनेही जळकट वास व बेचव येते. यामुळेच दूध व दही यांचे प्रारणन व्यवहारात रुजले नाही. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांसाठी आइसक्रीम व गोठविलेले योगर्ट निर्जंतुक करण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले. त्यांत –७८° से. तापमानास ४० किलोग्रेपर्यंत मात्रा द्यावी लागली (१९९०).

उपयोग : उपयोगाची दिशा त्यामुळे बदलली. दुग्धपदार्थांच्या निर्जंतुक आवेष्टनासाठी लागणाऱ्या पिशव्या गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. अल्प मात्रेने उत्परिवर्तने घडवून इष्ट गुणांचे विरजणजंतू निवडण्याचेही प्रयत्न झाले आहेत. प्रारणाने मारलेले जंतूही सर्वस्वी निष्क्रिय नसतात : अशा लॅक्टिक जंतूंमुळे उंदरांतील बृहदांत्रदाह कमी झाल्याचे २००४ मध्ये आढळले.

भारतात तुर्भे (मुंबई) येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने खाद्यप्रारणनाचा पाया घातला. वाशी (२०००) व लासलगाव (२००२) येथील संयंत्रे अनुक्रमे मसाल्यांसाठी व मुख्यतः कांद्याचे मोड रोखण्यासाठी उभारण्यात आली. कांद्याचा मोड रोखणे इष्ट असते; दह्यात मात्र ज्या जंतूंनी पदार्थ बनतो, तेच त्याचे मूल्य असतात. यामुळे यवतमाळसारख्या उष्ण जिल्ह्यात दही टिकविण्याचा खात्रीचा मार्ग शुद्ध विरजण, स्वच्छ दोहन व अखंड शीतसाखळी हाच राहतो.