तासाला वीस मिनिटे : एका सवलतीचा हक्क कसा झाला?

वारणाकाठच्या कोडोलीतील एखादी दृष्टिहीन विद्यार्थिनी लगतच्या वारणानगरात पदवीच्या परीक्षेला बसली, तर तिला लेखनिक मिळावा आणि तीन तासांचा पेपर तिने चार तासांत द्यावा, असा आजचा नियम आहे. हा जादा तास कोणा पर्यवेक्षकाची कृपा नव्हे. मात्र फार काळ तो कृपाच होता.

1995 पर्यंत भारतात दिव्यांगांच्या हक्कांचा सर्वसमावेशक कायदा नव्हता. प्राचार्य भले असतील तर वर्ग तळमजल्यावर यायचा, नसतील तर शिक्षण तिथेच थांबायचे. याच जिल्ह्यातील नसीमा हुरजूक यांचे कमरेखालचे शरीर ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर लुळे पडले. चाकाच्या खुर्चीवरून त्यांनी पदवी मिळवली, केंद्र सरकारच्या अबकारी खात्यात नोकरी केली आणि 1984 मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. त्या संस्थेने दिव्यांग मुलांसाठी वसतिगृह काढले, हे इतिहासाच्या दृष्टीने फार बोलके आहे. एसटीची उंच पायरी ज्याला चढता येत नाही, त्याच्यासाठी कोडोलीहून कोल्हापूर गाठणे हीच पहिली परीक्षा होती. तिला जादा वेळ देऊन काय उपयोग? तिथे राहण्याचीच सोय लागते.

7 फेब्रुवारी 1996 रोजी पहिला कायदा अमलात आला. सरकारी व अनुदानित शिक्षणसंस्थांत 3 टक्के जागा राखीव झाल्या. त्याच्या कलम 31 ने शिक्षणसंस्थांना लेखनिक पुरवण्याचे बंधन घातले, पण फक्त अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांसाठी. ज्याचे डोळे शाबूत आहेत पण मेंदूच्या पक्षाघाताने हात वळत नाही, त्याचा उल्लेखच नव्हता. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दिव्यांग विद्यार्थ्याचे एकच ठरीव चित्र असावे.

26 फेब्रुवारी 2013 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी हे चित्र रुंदावले. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या, गरज असणाऱ्या कोणालाही लेखनिक घेता येईल, तो स्वतः निवडता येईल आणि भरपाईचा वेळ तासाला किमान 20 मिनिटे असेल, असे त्यात होते. लेखनिकाच्या शिक्षणाची वा वयाची अट घालू नये, त्यापेक्षा पर्यवेक्षण कडक करावे, असेही म्हटले होते. गंमत अशी की 2018 च्या सूचनांत अट परतली. उमेदवाराने स्वतःचा लेखनिक आणला, तर त्याचे शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खालचे हवे. विश्वास आणि संशय यांची ही रस्सीखेच पुढेही चालू राहिली.

दरम्यान 2016 चा नवा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला होता. दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, उच्च शिक्षणातील राखीव जागा 5 टक्के झाल्या आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. तरीही 40 टक्क्यांची रेघ कायम होती. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाने याच रेघेवर बोट ठेवून लेखनिक नाकारला. 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ही टक्केवारी आरक्षणासाठी आहे. लेखनिकासारख्या वाजवी सोयीसाठी ती पूर्वअट करता येणार नाही.

त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी, 12 सप्टेंबर 2021 रोजी, मुंबईतील एका केंद्रावर एक विद्यार्थिनी वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा देत होती. तिला डिसग्राफिया, म्हणजे लेखनाची अक्षमता होती. तिचे 40 टक्क्यांचे प्रमाणपत्रही होते. भरपाईचा एक तास तिला मिळाला नाही. ठरलेली वेळ संपताच उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. 23 नोव्हेंबरच्या निकालात तिच्यावर अन्याय झाल्याचे न्यायालयाने मान्य केले, परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेची कानउघाडणी केली आणि भरपाई कशी करता येईल याचा एका आठवड्यात विचार करण्यास सांगितले. फेरपरीक्षेची मागणी मात्र नाकारली गेली.