हिंदूरावांचा वाडा आणि अनुदानाची फाइल

दिल्लीच्या उत्तरेस, 'रिज' नावाच्या टेकडीवर हिंदूराव रुग्णालय आहे. तेथील किती रुग्णांना ठाऊक असेल की हे नाव कागलच्या घाटगे घराण्यातील एका सरदाराचे आहे? ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे हे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाला आणि पुढे त्याचा बंगला हिंदूरावांकडे आला. १८५७ च्या वेढ्यात इंग्रजांचे मोर्चे याच वास्तूभोवती होते. दिल्लीतील मराठी माणसाने एकदा तरी येथे जावे. जवळच अशोकस्तंभही आहे.

मला मात्र ही जागा प्रशासकीय इतिहासासाठी महत्त्वाची वाटते. २०१३ साली येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. चालक उत्तर दिल्ली महानगरपालिका, पदवी गुरू गोविंदसिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठाची, मान्यता तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेची आणि पालिकेच्या निधीचा मोठा भाग दिल्ली सरकारकडून. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. येथे तर घरे चार!

मूळ दुखणे त्याआधीचे. २०१२ साली दिल्ली महापालिकेची तीन शकले झाली. मालमत्ता कराचे भरघोस उत्पन्न दक्षिणेकडे गेले, मोठी रुग्णालये उत्तरेच्या वाट्याला आली. ऑक्टोबर २०२० मध्ये, ऐन कोविडकाळात, येथील निवासी डॉक्टर थकलेल्या पगारासाठी उपोषणास बसले. पालिका म्हणे, सरकार आमचे पैसे देत नाही. सरकार म्हणे, आम्ही दिले आहेत. मान्यता देणारे अध्यापक व खाटा मोजतात. पगार वेळेवर होतो का, हे मोजणे कोणाच्याच तपासणी तक्त्यात ठळकपणे नव्हते.

मुंबईत असे क्वचितच घडले. १९२६ साली सुरू झालेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालय देणगी व पालिका यांच्या बळावर उभे राहिले. देणगीदारांनी अट घातली होती की अध्यापक भारतीयच असावेत. पैसा देणाऱ्याने देखरेखीचा हेतू इतका स्पष्ट लिहून ठेवल्याचे उदाहरण विरळाच. शिवाय २०१७ पर्यंत जकातीचे हुकमी उत्पन्न पालिकेच्या हाती होते.

अनुदानाच्या फायलींवर 'उपयोगिता प्रमाणपत्र प्राप्त झाल्यावर सादर करावे' असा शेरा मीही अनेकदा मारला आहे. नियमाने तो बरोबरच असे. फाइल परत येईपर्यंत विद्यावेतनावर जगणारा पोरगा काय खात असेल, हे मात्र मी तेव्हा विचारले नाही. मे २०२२ मध्ये दिल्लीच्या तिन्ही पालिका पुन्हा एक झाल्या आणि महाविद्यालय एकत्रित पालिकेकडे आले.