साडेएकाहत्तर तास

न्यू जर्सीतल्या एडिसनला लागूनच पिस्कॅटवे आहे. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना हा पट्टा चांगला ठाऊक असतो. कुणाचा तरी भाचा नाही तर मावसबहीण तिथं असतेच. रटगर्स विद्यापीठाचा बुश कॅम्पस याच पिस्कॅटवेत. तिथल्या डेव्हिडसन हॉल या वसतिगृहात २०१० च्या ऑगस्टअखेर अठरा-अठरा वर्षांची दोन मुलं एका खोलीत राहायला आली. टायलर क्लेमेंटी हा रिजवुडचा, बुजरा, व्हायोलिन उत्तम वाजवणारा. धरुण रवी प्लेन्सबरोचा, जन्म भारतातला, संगणकात तरबेज आणि बोलण्यात सुसाट. दोघांची आधीची ओळख नव्हती, जोडी विद्यापीठानं लावली होती.

पुढे जे घडलं त्याचा बराचसा भाग आपल्याला मिनिटांसकट माहीत आहे. माणसांच्या आठवणींवर सोपवलं असतं तर त्यातलं निम्मं हरवलं असतं आणि उरलेल्यावर वाद झाला असता. पण संगणकांनी, फोनच्या नोंदींनी आणि ट्विटरनं सगळं टिपून ठेवलं होतं. दीड वर्षानं मिडलसेक्स काउंटीच्या कोर्टात ते एकेक करून वाचलं गेलं.

ऑगस्ट २०१०, तिसरा आठवडा

घड्याळ खरं तर इथंच सुरू होतं. आपल्या खोलीत कोण येणार हे रवीनं इंटरनेटवर शोधलं. टायलरच्या ई-मेलवरून त्याला काही चर्चापीठांवरचे संदेश सापडले आणि आपला होणारा रूममेट समलिंगी आहे असा निष्कर्ष त्यानं काढला. तो निष्कर्ष स्वतःपाशी न ठेवता त्यानं ट्विटरवर टाकला. दोघांची भेट व्हायची होती, तोवर एकाबद्दलची बातमी दुसऱ्याच्या मित्रमंडळात पोचली होती. टायलरनं आई-वडिलांना स्वतःबद्दल सांगितलं तेही याच सुमारास, घर सोडण्याच्या जेमतेम काही दिवस आधी.

रविवार, १९ सप्टेंबर, संध्याकाळ

टायलरनं रवीकडे मध्यरात्रीपर्यंत खोली मागितली. पाहुणा येणार होता. वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही ही विनंती आणि तिच्यातला संकोच ओळखीचा वाटेल. रवी हो म्हणाला. पाहुणा आला, वयानं टायलरहून बराच मोठा. रवी समोरच्या खोलीत गेला. तिथं त्याची शाळेपासूनची मैत्रीण राहत होती.

रात्री ९.१३

मैत्रिणीच्या संगणकावरून रवीनं आय-चॅटवर स्वतःच्याच संगणकाला कॉल लावला. आलेला कॉल आपोआप घेतला जावा, अशी सोय त्यानं आपल्या संगणकावर करून ठेवली होती. वेबकॅम सुरू झाला. दोघांनी काही सेकंद पाहिलं. दोन पुरुष चुंबन घेत होते, एवढंच दिसलं आणि खिडकी बंद झाली. चित्रीकरण झालं नाही, काही साठवलं गेलं नाही, कुणाला काही पाठवलं गेलं नाही. पुढची सहा वर्षं कोर्टकचेरी चालली ती या काही सेकंदांवर. पाहुण्याला पाहून आपल्या वस्तूंची काळजी वाटली, असं रवीचं म्हणणं होतं.

रात्री ९.१७

चार मिनिटांनी रवीचं ट्वीट पडलं: रूममेटनं मध्यरात्रीपर्यंत खोली मागितली, मी मैत्रिणीच्या खोलीतून वेबकॅम लावला, तो एका पुरुषासोबत दिसला. शेवटी आनंदाचा उद्गार. वस्तूंची काळजी असलेला माणूस असं लिहीत नाही.

थोड्या वेळानं आणखी काही मुली त्या खोलीत जमल्या आणि कॅमेरा पुन्हा क्षणभर उघडला गेला. या वेळी रवी तिथं नव्हता. तमाशा आता मूळ कर्त्याविनाही चालू लागला होता.

सोमवार, २० सप्टेंबर

टायलरनं ते ट्वीट वाचलं. ते लपवलेलं नव्हतंच. त्यानं स्क्रीनशॉट काढून ठेवले आणि एका मैत्रिणीशी चॅटवर बोलत राहिला. कोर्टात आलेल्या नोंदीनुसार शेवटच्या दिवसांत त्यानं रवीचं ट्विटरचं पान ३८ वेळा उघडलं. एका अनोळखी चर्चापीठावरही त्यानं सल्ला मागितला. त्या लिखाणात आक्रोश नाही, हिशोब आहे. तक्रार केली तर खोली बदलून मिळेल का? की आणखी वाईट रूममेट पदरी पडेल? त्याला बोचलेली गोष्ट वेगळीच होती. रवीच्या ओळखीचे लोक रवीचंच सांत्वन करत होते. चोरून पाहण्याबद्दल कुणाला काही वाटलं नव्हतं. अशा मुलाबरोबर राहावं लागतं, याचीच त्यांना कीव येत होती.

तक्रारीचा शेवट कसा होऊ शकतो, याचं एक उदाहरण त्याच वर्षी आपल्याकडे घडलं होतं. टायलरला ते ठाऊक असण्याचं कारण नाही, पण मराठी वाचकाला असायला हवं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्या राहत्या घरात ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री माणसं कॅमेरा घेऊन घुसली. दुसऱ्या दिवशी विद्यापीठानं कारवाई केली ती सिरसांवर: निलंबन. ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले आणि १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती मिळाली. ७ एप्रिलला ते त्यांच्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. मराठीचा एक प्राध्यापक असा गेला. त्याची आठवण राहिली ती मात्र हंसल मेहतांच्या हिंदी चित्रपटामुळे.

मंगळवार, २१ सप्टेंबर, पहाट

चारच्या सुमारास टायलरनं खोली बदलून मिळावी म्हणून विद्यापीठाकडे ऑनलाइन अर्ज भरला. त्या वेळी कार्यालयात तो वाचायला कुणी नव्हतं.

मंगळवार, संध्याकाळ

त्यानं पुन्हा खोली मागितली, रवीनं पुन्हा होकार दिला. आणि या वेळी ट्विटरवर उघड आमंत्रण टाकलं: ज्यांच्याकडे आय-चॅट आहे त्यांनी साडेनऊ ते बाराच्या दरम्यान मला व्हिडिओ कॉल लावून दाखवाच, पुन्हा घडणार आहे. मित्रांनाही सांगून झालं. रविवारचं कृत्य उतावीळपणा म्हणून एखाद्यानं सोडून दिलं असतं. मंगळवारच्या कृत्यात वेळ ठरलेली होती आणि प्रेक्षकांना आवतण गेलेलं होतं. माझ्या मते या खटल्यातला खरा गुन्हा हाच आहे, आणि गंमत अशी, की तो पूर्ण झालाच नाही. टायलरनं आमंत्रण वाचलेलं होतं. कॅमेऱ्याचं तोंड आपल्या पलंगाकडे आहे हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं रवीच्या संगणकाची वीजच तोडली. त्या रात्री कुणाला काही दिसलं नाही.

मंगळवार, मध्यरात्रीच्या थोडं आधी

टायलर मजल्यावरच्या विद्यार्थी-प्रतिनिधीला जाऊन भेटला. त्यानं सगळं लेखी द्यायला सांगितलं. टायलरनं ई-मेल पाठवला. त्यात ट्वीटचा मजकूर होता, घडलं ते सांगितलं होतं आणि वेगळी खोली मागितली होती. अठरा वर्षांच्या मुलानं याहून शहाणं काय करायचं असतं? पुरावा जपला, यंत्र बंद केलं, अर्ज भरला, भेट घेतली, लेखी दिलं. कायद्याचा एखादा प्राध्यापकही याच क्रमानं गेला असता.

बुधवार, २२ सप्टेंबर, दुपार

टायलर विद्यापीठाच्या वाद्यवृंदाच्या तालमीला गेला. तालीम चांगली झाली. तिथून वसतिगृहात परतला. त्या वेळी खोलीत दोघांचं काही बोलणं झालं असेल तर त्याची नोंद कुठल्याही यंत्रात नाही. कॅम्पसवर बर्गर घेतला आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास तो न्यूयॉर्ककडे निघाला.

रात्री ८.४२

फेसबुकवर त्याची एक ओळ उमटली. हडसन नदीवरच्या पुलावरून लिहिलेली, शेवटी ‘सॉरी’ असलेली.

रात्री ८.४६

रवीचे लांबलचक मेसेज टायलरच्या फोनवर येऊ लागले. तू समलिंगी आहेस हे मला ठाऊक होतं, मला त्यात काही अडचण नाही, अशा अर्थाची सारवासारव होती. ते कुणी वाचल्याचा पुरावा नाही.

रविवारी ९.१३ पासून बुधवारी ८.४२ पर्यंत बहात्तर तासांना अर्धा तास कमी. या तासांनीच टायलरचा जीव घेतला, असं छातीठोकपणे कुणी म्हणू नये. कुणाच्या मनात काय चाललेलं असतं हे आय-चॅटच्या नोंदीत येत नाही, आणि आत्महत्येला एकच कारण असल्याचं मानसोपचारवाले सहसा मानत नाहीत. सरकारी पक्षानंही तसा आरोप ठेवला नाही. मृत्यूसाठी रवीवर एकही कलम लागलं नव्हतं. पण टायलर जिवंत राहिला असता तर हा मामला पोलिसांपर्यंत गेला असता का? मला शंका आहे. वॉर्डनच्या टेबलावर समज देऊन मिटला असता.

२३ सप्टेंबर आणि पुढे

रवीनं आमंत्रणाचं ट्वीट पुसून त्याजागी निरुपद्रवी वाटेल असं दुसरं टाकलं, मेसेज खोडले, मैत्रिणीला पोलिसांना काय सांगितलंस ते विचारलं. पुरावा नष्ट करण्याचे आणि साक्षीदाराला वळवण्याचे आरोप त्यातून आले. २८ सप्टेंबरला दोघांवर खासगीपणाचा भंग केल्याचा गुन्हा दाखल झाला, २९ ला मृतदेह हाती लागला. एप्रिल २०११ मध्ये रवीवर पंधरा आरोप निश्चित झाले. मैत्रीण समाजसेवेच्या अटीवर सरकारी साक्षीदार झाली. डिसेंबरात सरकारनं रवीलाही तडजोड देऊ केली: तुरुंग नाही, ६०० तास समाजसेवा. त्यानं ती नाकारली.

खटल्यात पाहुणाही साक्षीला आला. त्याचं नाव जाहीर झालं नाही, कोर्टानं त्याला ‘एम. बी.’ एवढंच म्हटलं. या सगळ्या प्रकरणात ज्याचा खासगीपणा शेवटपर्यंत कुणीतरी सांभाळला, असा हा एकटा माणूस.

१६ मार्च २०१२ ला ज्यूरीनं पंधराही आरोपांत दोषी ठरवलं. दहा वर्षांपर्यंतची शिक्षा शक्य होती. २१ मे रोजी न्यायाधीश ग्लेन बर्मन यांनी ३० दिवसांचा तुरुंगवास, तीन वर्षांची परिवीक्षा, ३०० तास समाजसेवा आणि दहा हजार डॉलर अशी शिक्षा दिली. ज्यूरीच्या तोंडून आपण २८८ वेळा ‘दोषी’ ऐकलं, पण रवीच्या तोंडून एकदाही माफी ऐकली नाही, असं त्यांनी भर कोर्टात सुनावलं. रवी वीस दिवसांनी सुटला. कुणाला ही शिक्षा थट्टा वाटली, कुणाला अठरा वर्षांच्या पोराचा बळी.

त्यानंतर कायद्याचाच पाया ढासळला. द्वेषमूलक छळाच्या कायद्यात एक तरतूद होती: आरोपीचा हेतू सिद्ध झाला नाही, तरी पीडिताला आपल्याला समलिंगी म्हणून लक्ष्य केलं असं रास्तपणे वाटलं तर गुन्हा. मार्च २०१५ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं दुसऱ्या एका खटल्यात ती घटनाबाह्य ठरवली. सप्टेंबर २०१६ मध्ये अपील न्यायालयानं रवीची शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. २७ ऑक्टोबर २०१६ ला त्यानं एकच आरोप कबूल केला, खासगीपणाचा भंग करण्याचा प्रयत्न. भोगली तेवढी शिक्षा पुरे, असं ठरलं.

समजा, बंगळुरूत

आता हेच घड्याळ शिवाजीनगरात लावून पाहू. पुण्याच्या नव्हे, बंगळुरूच्या. रसेल मार्केट आणि सेंट मेरी बॅसिलिका असलेल्या. सोलापूर-कोल्हापूरकडची पोरं इंजिनिअरिंगला आणि नोकरीला बंगळुरूत येतात, पीजीत राहतात, खोलीतला जोडीदार मालक ठरवतो. समजा अशाच एका पीजीत रविवारी रात्री ९.१३ ला तेच घडलं. मुलगा स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यात गेला. कोणतं कलम लावणार?

चोरून पाहण्याला भारतीय न्याय संहितेत कलम ७७ आहे. नुसतं पाहणंही त्यात गुन्हा आहे, पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं कैद. पण ते फक्त स्त्रीला पाहिलं तर. तक्रारदार मुलगा आहे. मग माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई. ते स्त्री-पुरुष भेद करत नाही, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र त्याला शरीराच्या खासगी भागाची प्रतिमा लागते, आणि ती टिपलेली, प्रसिद्ध केलेली किंवा पाठवलेली लागते. इथं काही सेकंदांचं चुंबन आहे आणि साठवलेलं काहीच नाही. उरतं ते ट्वीट. त्यासाठी पूर्वी ६६-ए होतं. पण २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, त्यातून श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं. ते रद्द होणं योग्यच होतं. त्या कलमानं छळणाऱ्यांपेक्षा बोलणारेच जास्त पकडले असते. डिसेंबर २०१३ ते सप्टेंबर २०१८ या काळात तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा जिवंत होतं. तेव्हा हा मुलगा ठाण्याची पायरी चढलाच नसता, कारण तक्रार म्हणजे स्वतःविरुद्धचा जबाब ठरला असता.

मुलानं जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर मात्र चित्र पालटतं. आत्महत्येला प्रवृत्त करण्याचं कलम १०८ हाताशी आहे, दहा वर्षांपर्यंत कैद. तो गेला तर एफआयआर तासाभरात होईल. जिवंत तक्रारदारासाठी हवालदार पुस्तक चाळत बसेल.

अशा मुलाला रात्री-बेरात्री कुणाशी बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्याचं मुख्य समन्वय केंद्र बंगळुरूच्याच निम्हान्समध्ये आहे. आणि तक्रारीसाठी पोलीस ठाण्यापेक्षा कॉलेजचं ऑफिस जास्त उपयोगी पडेल. यूजीसीनं २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक ओळखीवरून होणारा मानसिक छळ आणि वाळीत टाकणं स्पष्ट शब्दांत आणलं. कॅम्पसबाहेरही ते लागू आहे, हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. २००९ च्या मूळ नियमांप्रमाणे गुन्हा घडल्याची माहिती मिळाल्यापासून २४ तासांत एफआयआर करण्याची जबाबदारी संस्थेच्या प्रमुखावर आहे. टायलरच्या ई-मेलनंतर रटगर्सच्या हाती होते जेमतेम एकवीस.