किरमिजी रंग आणि निवडुंगाची बाग

कुंपणाच्या कडेला वाढणाऱ्या फड्या निवडुंगाकडे आज कोणी आदरानें पाहत नाहीं. परंतु एके काळीं मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईंत, त्याची मुद्दाम बाग लावण्यांत आली होती, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल.

निवडुंग मूळचा अमेरिका खंडांतला. त्याच्या फड्यांवर एक बारीक कीटक पोसतो. त्याच्या माद्या वाळवून किरमिजी रंग काढतात. 'किरमिज' या शब्दाच्या मुळाशीं 'कृमि'च आहे. मेक्सिकोंतील या धंद्यावर स्पेनचा मक्ता असल्यामुळें इंग्रजांस हा रंग फार महाग पडे. तो हिंदुस्थानांतच पिकवावा, या हेतूनें मद्रासचे कंपनीचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनीं १७८६ सालीं सर जोसेफ बँक्स यांच्याशीं पत्रव्यवहार आरंभिला. पुढें सैदापेठेस निवडुंगाची बाग उभी राहिली. कीटकाचें अन्न सिद्ध झालें. उणीव राहिली ती कीटकाचीच.

१७९५ सालीं कॅप्टन नीलसन यांनीं ब्राझीलहून जिवंत कीटक कलकत्त्यास आणले. तेथून ते मद्रासेस पोंचले. आतां कार्य साधलें, असें वाटलें. पण हा मेक्सिकोंत पाळला जाणारा जातिवंत कीटक नव्हता. रानटी जातीचा होता. त्याचा रंग हलका निघाला. उलट, ज्या निवडुंगावर त्याला पोसावयाचें, त्याचाच त्यानें फडशा पाडला.

फसलेल्या व्यापाराची ही हकीगत येथें संपत नाहीं. झाडाचा नाश करणारा हा गुण लोकांच्या ध्यानांत आला आणि १८३६ ते १८३८ या काळांत दक्षिण हिंदुस्थानांत निवडुंग हटविण्यासाठींच तो कीटक बुद्ध्या सोडण्यांत आला. तथापि शेतें व गायरानें व्यापणाऱ्या दुसऱ्या एका जातीच्या निवडुंगास तो शिवेना. १९२६ सालीं सिंहलद्वीपाहून निराळ्या जातीचा कीटक आणला, तेव्हां कोठें तें रान मागें सरलें.

दोन्ही कीटक दिसण्यांत सारखेच. पांढऱ्या कापसाखालीं दडलेले. जातीची पारख नसल्यामुळें कंपनीचा पैसा बुडाला. ती पारख झाल्यावर शेतकऱ्याची जमीन सुटली. परदेशी रोप लावतांना आपण त्याचें फूल पाहतों. त्याचे सोबती कोण व शत्रू कोण, हें विचारीत नाहीं. सैदापेठेची ती बाग केव्हांच गेली. तिनें शिकविलेला हा प्रश्न मात्र प्रत्येक बागवानानें रोप लावण्यापूर्वीं स्वतःस विचारावा.