ऑइल जळायलाच हवं

मालवणच्या धक्क्यावर टू-स्ट्रोक आउटबोर्ड लावलेली होडी सुरू झाली की निळा धूर नाकात जातो. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं. एकदा होडीवाल्या काकांना विचारलं, एवढं ऑइल जळतं, चालतं का? "जळाकच व्हया!"

मंडळी, रोटरी इंजिनाची निम्मी दुखणी या दोन शब्दांत आहेत.

या इंजिनात पिस्टन नाही, तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या तीन टोकांवर पट्ट्या असतात, एपेक्स सील. त्या घराच्या आतल्या भिंतीला सतत घासत राहतात. तिथे वंगण पोचावं म्हणून इंजिन स्वतःच थोडं ऑइल आत सोडतं आणि जाळतं. शिवाय स्फोट दर वेळी भिंतीच्या त्याच बाजूला होतो, त्यामुळे एक बाजू तापलेली आणि दुसरी थंड. सील बिचारं दोन्हींवरून फिरतं!

जर्मनीच्या एनएसयूने 1967 मध्ये आरओ-80 काढली. गाडी देखणी, 1968 ची युरोपियन कार ऑफ द इयर. पण सीलं झिजायला लागली आणि वॉरंटीत इंजिनं बदलता बदलता कंपनीचं कंबरडं मोडलं. 1969 मध्ये ती फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. आरओ-80 वाले रस्त्यात भेटले की किती इंजिनं बदलली ते बोटांनी दाखवायचे, असा किस्सा सांगतात.

तिकडे हिरोशिमात माझदाच्या केनिची यामामोटोंच्या टीमलाही भिंतीवर ओरखडे दिसत होते. ते त्यांना सैतानाची नखं म्हणत. सीलसाठी त्यांनी जनावरांची हाडंसुद्धा वापरून पाहिली म्हणे! शेवटी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनने काम झालं आणि 1967 मध्ये कॉस्मो बाजारात आली. 1991 मध्ये तर चार रोटरच्या 787बी ने 24 तासांची ल मां शर्यत मारली.

म्हणजे इंजिन टिकतं, पण लाड पुरवून घेतं. आरएक्स-7, आरएक्स-8 वाल्याने दर एक-दोन टाक्यांना डिपस्टिक बघायची. गार इंजिन मिनिटभर चालवून बंद केलं तर आत पेट्रोल साचून पुन्हा सुरूच होत नाही. टेंपरेचर चढू द्यायचं नाही. जुनी गाडी घेताना प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचं कॉम्प्रेशन मोजून घ्यायचं. डीलर नको म्हणाला तर नमस्कार करून निघायचं.

आणि आपल्याकडे? अहमदनगरची (आताचं अहिल्यानगर) व्हीआरडीई, बंगळूरची एनएएल आणि एडीई यांनी मिळून 55 हॉर्सपॉवरचं देशी व्हॅन्केल इंजिन बनवलं. इग्निशन आणि इंधनाची बाजू नगरने सांभाळली. मार्च 2009 मध्ये कोलारजवळ त्यावर 'निशांत' हे वैमानिकाविना उडणारं विमान उडालं. निशांतचं पुढे लष्करात जमलं नाही, 2015 मध्ये तो विषय संपला. पण त्या इंजिनासाठी एनएएलला आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा खास थर चढवावा लागला होता. सील जिथे घासतं, बरोबर तिथेच.